सात टोपल्या, सात रोपं

"टाक रे श्रीधर! तीन फेकी झाल्या, चौथीत गेलीच पाहिजे!" वसंत ओरडला.

तबकडी गिरक्या घेत गेली आणि कडुनिंबाला बांधलेल्या टोपलीत धप्पकन पडली. "गेली!" छायाने टाळ्या पिटल्या.

सौंसरच्या सार्वजनिक बागेत सुट्टीचे आठ दिवस हाच खेळ रंगला होता. ती प्लास्टिकची तबकडी, म्हणजे फ्रिस्बी, श्रीधरच्या अरविंदमामांनी अमेरिकेहून आणली होती. खेळही त्यांनीच सांगितला होता: सात झाडांना सात टोपल्या बांधायच्या, कमीत कमी फेकींत सातही टोपल्यांत तबकडी टाकेल तो जिंकला. टोपल्या श्रीधरने आणल्या होत्या. "आजोबांच्या मळ्यातून," असं त्याने मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

इतक्यात वाफ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. बागेच्या समितीचे भैय्याजी चिंधू माळ्यावर तडकले होते. मुलीचं लग्न उरकून चिंधू सकाळीच परतला होता.

"संत्र्याची सातही रोपं करपली! तू लग्नात जेवून राहिला अन् इथं पाण्याचा पत्ता नाही! उद्यापासून येऊ नको!"

"जी," चिंधू मान खाली घालून एवढंच म्हणाला.

भैय्याजी छत्री उघडून फाटकाकडे निघाले. मुलं वाफ्यापाशी धावली. छाया संत्रेवाल्यांच्या घरची. तिने खाली बसून माती चाचपली.

"अरे, माती तर ओली आहे! पाणी रोज भेटून राहिलं यांना, काकांचा भाऊ सकाळी घालून जात होता. अन् हे पाहा!" प्रत्येक रोपाभोवती मातीत गोल वळ उमटला होता. "इथं टोपल्या उपड्या होत्या. उन्हाळ्यात लहान रोपं अशीच झाकतात. टोपल्या चोरल्या कोणीतरी!"

"चोर पकडू!" वसंत उसळला.

श्रीधरचे कान तापले. त्याला वाटलं होतं, कोणीतरी रोपांवर फाटक्या टोपल्या फेकून दिल्यात. उलट रोपांना मोकळं केलं म्हणून तो स्वतःवर खूशही झाला होता! मास्तरांच्या पोराला शेतीतलं काय कळणार! पण मळ्याची थाप? ती तर त्याने जाणूनबुजून मारली होती. त्याला स्वतःची लाज वाटली, तरी तोंड उघडेना.

छाया मात्र भैय्याजींना गाठून वाफ्यापाशी घेऊन आली. "भैय्याजी, एक गंमत! छत्री मिटा, टोपी काढा अन् इथं पाच मिनिटं उभे राहा. हे घ्या पाणी, पाहिजे तेवढं प्या!"

भैय्याजींना पोरांचं कौतुक. ते हसत उभे राहिले. दुसऱ्याच मिनिटाला ओरडले, "अवो, डोकं भाजून राहिलं ना!"

"रोपांनी असे आठ दिवस काढले, जी. पाणी होतं, सावली नव्हती!"

भैय्याजींनी वाफ्याकडे आता कुठे नीट पाहिलं. ते ओशाळले. "चिंधू, उद्या ये बाप्पा. शाब्बास पोरांनो! पण टोपल्या नेल्या कोणी?"

"श्रीधर शोधेल! आमचा कप्तान आहे तो!" वसंत म्हणाला.

श्रीधरला ते ऐकवेना. "मी नेल्या," तो पुटपुटला. मग मोठ्याने म्हणाला, "मीच नेल्या! आजोबांच्या मळ्यातल्या नाहीत त्या. मी खोटं बोललो!"

भैय्याजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "कबूल केलंस, हे चांगलं केलंस." ती शाबासकीही श्रीधरला टोचली. तो चिंधूकडे वळला. "काका, चुकलो मी."

"मले सकाळीच दिसलं होतं," चिंधू शांतपणे म्हणाला. "माह्या हातानं विणल्या त्या. ओळखू येणार नाहीत का?"

"मग सांगितलं काहून नाही? काम जाऊन राहिलं होतं ना तुमचं!" छायाने विचारलं.

"सांगितलं असतं, तर तुमचा खेळ बंद झाला असता. आठ दिवस लेकरं हसून राहिली इथं, असं समदे सांगत होते."

यापेक्षा त्याने एक सणसणीत थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं श्रीधरला वाटलं.

"दोन रोपं बुडाशी हिरवी आहेत!" छाया ओरडली.

श्रीधरने डोळे पुसले आणि टोपली सोडायला तो कडुनिंबावर चढला.