वळसा घालून आलेला प्रकाश

वेधशाळेत एक रिवाज होता: दावा ज्याला पटत नाही, मोजणी त्याच्याच हाती. म्हणून अच्युत निजसुऱ्यांच्या ताऱ्याची मोजणी कुमुद आठल्यांकडे आली. अच्युतराव या उन्हाळ्यात वारले होते. कुमुदताईंसमोर त्यांची मुलगी, शर्वरी, बसली होती.

जड ताऱ्याच्या गाभ्यात नायट्रोजन साठतो. तारा वेगाने फिरत असेल, तर आतले द्रव्य घुसळून पृष्ठभागावर येते. या ताऱ्यावर नायट्रोजन भरपूर होता, पण त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा अरुंद होत्या; वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याच्या रेषा पसरतात. तारा जवळजवळ स्थिर दिसत होता. नायट्रोजन शेजारच्या ताऱ्याकडून आला, असे कुमुदताईंचे मत. अच्युतराव म्हणत, तारा फिरतोच आहे, आपण त्याला ध्रुवावरून पाहतो आहोत. भोवरा डोक्यावरून पाहिला, तर त्याची कोणतीच बाजू आपल्याकडे धावून येत नाही. पण ताऱ्याला बाजूने पाहायचे कसे? त्यांचा सिद्धांत तिथेच अडकला आणि मागे पडला.

शर्वरीला वाट सापडली होती. ताऱ्याच्या बगलेला, वीस प्रकाशवर्षांवर, धुळीचा मेघ होता. मेघाला तारा बाजूने दिसतो. मेघावरून परतलेला प्रकाश नव्या दुर्बिणीने टिपला होता.

कुमुदताईंनी वर्णपट पडद्यावर आणला. रेषा रुंद, पसरट होत्या.

"हुरळू नकोस," कुमुदताई म्हणाल्या. "असले तारे मधूनच वायू फेकतात, तेव्हाही रेषा पसरतात. हा प्रकाश वळसा घालून आलाय. त्याच्याबरोबर निघून सरळ आलेला प्रकाश वीस वर्षांपूर्वीच इथून पुढे गेला. तेव्हा वायू नव्हता हे तोच सांगेल. तो कुठून आणशील?"

"बाबा दर हिवाळ्यात याचा वर्णपट घ्यायचे. तुम्ही हसायचात."

"हसायचे. म्हणायचे, अच्युत, दगड हलला का बघतोयस?"

शर्वरीने वीस वर्षांपूर्वीचा वर्णपट शेजारी लावला. रेषा अरुंद होत्या. फेकलेल्या वायूची खूण कुठेच नव्हती. एकाच वेळी ताऱ्यावरून निघालेला प्रकाश: एक भाग सरळ येऊन बाबांना भेटला, दुसरा मेघाकडून फिरून आज तिला.

"एका जुळणीवर मी मानणार नाही," कुमुदताई म्हणाल्या. आवाज मात्र मऊ झाला होता. "पुढच्या हिवाळ्यात मेघाचा वर्णपट घेशील, त्यालाही जोडीचा जुना लागेल."

"आहे."

"त्याच्या पुढच्या?"

"तोही आहे. शेवटचा त्यांनी गेल्या हिवाळ्यात घेतला."

कुमुदताईंनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे अजून वीस वर्षं अच्युत तुझ्याबरोबर कामावर."

शर्वरीने मान हलवली.

"तोवर मी काही पुरायची नाही," चष्मा पुसत त्या म्हणाल्या. "मोजायला दुसरं कुणीतरी हट्टी शोधून ठेव."