आरशाविना कोरलेलं तळं

पेनॉकसाहेबांना काळं तळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. एवढ्यासाठीच आम्ही तिघं त्या ऑक्टोबरात डोंगर चढायला निघालो.

साहेब इंग्रज. जलरंगात डोंगरदऱ्या रंगवायचे आणि तीच चित्रं स्वतः तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे. लंडनच्या प्रकाशकाला आमच्या वेल्सवरच्या पुस्तकात काळं तळं हवं होतं. "जुनं छापील चित्र आहेच की, त्यावरून कोरून टाका," असं त्यानं सांगितलं. साहेब ताडकन म्हणाले, "जी जागा मी पाहिली नाही, ती मी कोरत नाही!" मग प्रकाशकानं बजावलं, हिवाळ्याआधी चित्र हाती आलं नाही, तर काम दुसऱ्याला!

साहेब माझ्याच शेतघरी उतरत. मी लोरी, विधवा बाई. माथ्यापर्यंत वाटाड्या म्हणून माझा दीर मेरेडिथ निघाला, आणि या दोन हट्टी माणसांना एकटं सोडवेना म्हणून मीही. तळ्याकडे गेलेली मेंढी परत येत नाही, म्हणून आमच्यातलंही कुणी तिकडे फिरकत नसे. माथ्यापुढची वाट दाखवायला होतं ते जुनं चित्रच.

आमच्या चर्चमधले उपदेशक बोलता बोलता गाऊ लागतात. शब्दांना चाल येते, अंगावर काटा उभा राहतो. रविवारचं प्रवचन मग आठवडाभर माझ्या ओठांवर असतं. चढतानाही मी तेच गात होते.

"वहिनी, देव काही बहिरा नाही," मेरेडिथ धापा टाकत म्हणाला.

"तू आहेस ना! तुझ्यासाठी गातेय."

एका अरुंद घळीतून आम्ही माथ्यावर पोचलो, तोच धुकं उतरलं. पाण्याचा खळखळाट कानावर येत होता, पण तळं दिसेना. आणि मागून गडगडाट झाला! दरड कोसळली होती. आलो ती घळ दगडांनी गच्च भरली!

उतरायची दुसरी वाट शोधायला साहेबांनी खिशातून चित्र काढलं. तळ्यातून ओढा बाहेर पडतो, त्याच्या डाव्या हाताला गवताचा सौम्य उतार, उजवीकडे खोल कडा. "डावीकडे चला!" साहेब म्हणाले.

एकमेकांचे हात सुटले, तर माणूस हरवेल असं धुकं. "वहिनी, आता गा बाई," मेरेडिथच म्हणाला. मी छाती भरून गायले, 'अंधारातही तुझा हात माझ्या हातात आहे, प्रभो!'

'...आहे, प्रभो!' समोरून कुणीतरी म्हणालं.

मी जागच्या जागी थिजले. गवत कधी आवाज परत करत नाही. दरीपलीकडचा खडक करतो!

"थांबा! पाऊल टाकू नका!"

साहेबांच्या बुटाखालून एक दगड सुटला. आम्ही कान दिले. काहीच नाही. मग फार खाली, टक्!

मेरेडिथनं साहेबांची कॉलर धरून त्यांना मागे खेचलं. "काय चित्र आहे हो तुमचं!" तो ओरडला.

साहेब पांढरेफटक पडून कागदाकडे बघत होते. चित्रातल्या मेंढपाळाच्या कोटाची बटणं उलट्या बाजूला होती. एकाएकी ते भडकले. "आळशी मेला! आरसाच लावला नाही!"

तांब्यावर कोरलेलं कागदावर छापलं की डाव्याचं उजवं होतं. म्हणून कोरणारा आपलं चित्र आरशात बघून कोरतो. या पठ्ठ्यानं सरळ नक्कल उतरवली होती. साहेबांनी कागद पालथा धरला. धुक्यानं भिजून तो आरपार दिसत होता. कडा डावीकडे गेला, गवत उजवीकडे!

ओढा ओलांडला. पाणी मांडीपर्यंत, बर्फासारखं! मी गात राहिले, आणि या खेपेला आवाज परत आला नाही. पायांखाली मऊ गवत लागलं. मी गुडघे टेकले.

तेवढ्यात धुकं फाटलं. काळं तळं, त्यावर पडलेला एकच उन्हाचा पट्टा, आणि पलीकडे तो कडा, जिथे आम्ही मरणार होतो.

"आता घरी चला," मी म्हणाले.

"हे रंगवल्याशिवाय? मुळीच नाही!" साहेबांची बोटं निळी पडली होती. कागदावर रंग गोठत होता. तरी ते रंगवत राहिले. ते चित्र घेऊनच आम्ही त्या उतारानं खाली आलो.

पुढच्या आठवड्यात चित्र न्यायला आलेला प्रकाशक माझ्या स्वयंपाकघरात बसून दोन्ही चित्रं बघत होता. "लोकांच्या भिंतींवर जुनं आहे, पेनॉक. तुमचं त्याच्या उलटं दिसेल. एवढ्या एका पत्र्यापुरता आरसा बाजूला ठेवा. आपोआप जुळेल."

"मग डोंगरालाच सांगा उलटं व्हायला! माझा आरसा हलणार नाही."

"काम जाईल तुमच्या हातचं."

"जाऊ दे!"

मला राहवेना. "तुमचं पुस्तक घेऊन या हो तळ्यावर, आणि ते दाखवील तिकडेच चाला. मी गाईन तुमच्यासाठी. पण गवतावर उभी राहून."

तो ताटातला पाव अर्धा टाकून गेला. काम गेलं. साहेबांनी मात्र तो पत्रा कोरलाच, आरसा समोर ठेवून, आणि स्वतःच छापला. पहिला ठसा त्यांनी मला आणून दिला. गवताच्या उतारावर एक एवढीशी बाई उभी होती, तोंड चांगलं मोठं उघडून.

"एवढं उघडं, साहेब? लोक हसतील!"

"हसू देत. वाट तरी चुकणार नाहीत."

मी नीट पाहिलं. बाई उजव्या बाजूलाच होती.