टोपलीखालचं पाऊल

ही घटना खरी आहे. जिच्यावर ती गुदरली ती बाई आजही हयात आहे.

ती माझी चुलत आत्या, वच्छलाबाई.

मागच्या वर्षी ती काही दिवस आमच्याकडे राहायला आली होती. माझ्या सुनेनं रोजच्या झाडलोटीसाठी बिनवायरचा व्हॅक्युम क्लीनर घेतला आहे. सकाळी तो घूं घूं करत घरभर फिरतो. आत्या पलंगावर बसून टक लावून बघत होती. काम झालं. सून तो भिंतीला टांगायला निघाली, तशी आत्या म्हणाली,

"त्याच्या पोटात काय जमलं, ते पाह्यलं का व?"

सुनेला हसू आलं. तिनं डबी उघडून दाखवली. केस, धूळ, बिस्किटाचा चुरा.

आत्यानं डबीत बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. मग हलकेच मागं टेकली.

"पीठ नाही," ती म्हणाली.

सून गोंधळली. मला मात्र ते समजलं. तुम्हालाही समजावं म्हणून पहिल्यापासून सांगतो.

साल १९६३. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यात, अमडापूरच्या जवळचं एक गाव. कार्तिक महिना, कापूस वेचणीचे दिवस. आणि हे रात्री घडलेलं नाही. जे झालं ते सगळं उजेडात झालं.

वच्छला तेव्हा अठरा वर्षांची होती. आई लहानपणीच गेलेली, मामानं वाढवलेली. त्याच वर्षी माघात तिचं लग्न निवृत्तीशी झालं. निवृत्ती बिजवर होता. त्याची पहिली बायको केसर आदल्या वर्षीच्या वेचणीत, बाळंतपणात गेली होती. बाळही वाचलं नव्हतं. घरात आता माणसं तीनच. निवृत्ती, त्याची विधवा आई गोजरबाई, आणि वच्छला.

घर साधं. पुढे ओसरी, मध्ये लांबट माजघर. माजघराच्या एका टोकाला चूल आणि चुलीशेजारी गोजरबाईचं अंथरूण. दुसऱ्या टोकाला एक छोटी खोली.

त्या खोलीला बाहेरून कडी असायची. कायम.

लग्नानंतरच्या पहिल्याच पहाटे सासूनं वच्छलेच्या हातात शिंदीच्या पानांचा फडा दिला. तिनं माजघर झाडलं. कचरा सुपलीत भरला.

कचऱ्यात चिमूटभर पीठ होतं...

ज्वारीचं. पांढरं, कोरडं.

जात्याजवळचं असेल, असं तिला वाटलं. पण जातं ओसरीत होतं, आणि हे पीठ त्या बंद खोलीच्या दारापाशी सापडलं होतं. दुसऱ्या दिवशीही तिथंच सापडलं. तिसऱ्या दिवशीही. घरात दळण नसलं, सगळ्यांचा उपास असला, तरी तेवढी एक चिमूट असायचीच.

तिनं सासूला विचारलं.

"घर हाय, पीठ सांडनच," गोजरबाई म्हणाली. "झाडाचं अन् उकिरड्यावर टाकाचं. पाहत नोको बसू."

वच्छला झाडत राहिली. पावसाळा गेला. तिला आठवा महिना लागला.

दसऱ्यानंतरच्या एका पहाटे ती फडा घेऊन वाकली आणि तशीच थांबली.

आज पीठ चिमूटभर नव्हतं. ओंजळभर होतं. दारासमोर कोणी चाळणीनं चाळावं तसं सारखं पसरलेलं.

आणि त्या पिठात...

एक पाऊल उमटलं होतं.

डावं. बाईचं. पाचही बोटं स्पष्ट. टाच बंद खोलीकडे, बोटं घराकडे.

वच्छलेनं आपला पाय त्याशेजारी धरून पाहिला. तिचा पाय बोटभर मोठा होता.

मागून गोजरबाई आली. तिनं फडा हिसकला आणि तीन फटक्यांत ती जागा साफ केली. तुझ्याच पायाचा ठसा आहे, असं ती म्हणाली, आणि निवृत्तीजवळ एक अक्षर काढायचं नाही असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी उजवं पाऊल उमटलं. एक पाऊल पुढे.

तिसऱ्या दिवशी पुन्हा डावं. आणखी एक पाऊल पुढे.

रोज एक. नेमानं.

वच्छलेला आता झोप येईना. सवतीची जागा घेतलेली ती बाई. पोटात सवतीच्या नवऱ्याचं मूल. मेलेली सवत आपल्या पोटातल्या पोराकरता येते आहे, हे तिनं मनाशी धरलं. पोटावर पदर आवळून ती झाडायची आणि झाडताना मनातल्या मनात केसरची माफी मागायची.

शेवटी तिला राहवलं नाही. शेजारी सत्यभामाबाई राहायची. गावातली सगळी बाळंतपणं तिच्या हातची, केसरचंही. एका दुपारी वच्छलेनं तिला सगळं सांगितलं.

सत्यभामाबाई आधी उठून दार लोटून आली. मग बोलली.

केसरला सातव्याच महिन्यात कळा लागल्या. माहेरी न्यायला वेळ मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. ती सारखं पाणी मागत होती. सत्यभामाबाईनं उकळून गार केलेलं पाणी तांब्यात भरून तिच्या उशाशी ठेवलं. गोजरबाईनं तो तांब्या उचलून नेला. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. तिची स्वतःची चार बाळंतपणं तशीच कोरडी निघाली होती. केसर उठून रांजणाकडे जाईल म्हणून तिनं खोलीला बाहेरून कडी घातली आणि ती वेचणीला निघून गेली.

दिवस मावळताना येऊन दार उघडलं.

केसर दाराशीच पडली होती. दाराखालच्या फटीतून तिचा एक हात बाहेर आला होता. पालथा नाही. उताणा.

आता इथं एक रीत सांगायला हवी, कारण आजच्या मुलांना ती ठाऊक नसेल. माणूस गेलं की दहाव्या दिवशी, ते जिथं गेलं तिथं, जमिनीवर पीठ पसरतात. मध्ये दिवा ठेवून वर टोपली झाकतात. सकाळी भाऊकीतली पाच माणसं जमतात आणि सगळ्यांसमोर टोपली उचलतात. पिठात ठसा पाहतात. पाखराचा, गाईचा, मुंगीचा. त्यावरून गेलेला जीव कोणत्या जन्माला निघाला ते समजतं. मग हात जोडून त्याला निरोप देतात. एकट्यानं टोपली उचलायची नसते.

केसरच्या वेळी भाऊकी आली, तर जागा झाडून लख्ख. गोजरबाई म्हणाली, मी पाहिलं, पाखराचं पाऊल होतं, पीठ टाकून दिलं.

"पाखराचं असतं, तं सगळ्याईले दाखवलं असतं तिनं," सत्यभामाबाई म्हणाली. "निरोप देल्लाच नाही तिले. झाडून टाकलं व माय. मंग ते जाईन कुठं?"

दुसऱ्या पहाटे पाऊल माजघराच्या निम्म्यावर आलं होतं. वच्छला त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं पहिल्यांदाच बोटांची दिशा नीट पाहिली.

ती बोटं ओसरीकडे वळलेली नव्हती. वच्छला ओसरीत झोपायची.

ती चुलीकडे होती.

वच्छलेनं फडा भिंतीला उभा केला. सासू बघत होती.

"मी नाही झाडत, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमच्याकडं आलेलं हाय. तुमीच झाडा."

गोजरबाईनं फडा उचलला. वाकली आणि झाडू लागली. त्या दिवसापासून ती सकाळी झाडायची, दुपारी झाडायची, दिवे लागायच्या आधी झाडायची. जेवता जेवता उठायची. निवृत्तीला वाटलं, आईला स्वच्छतेचं वेड लागलं. पीठ त्याला कधी दिसायचंच नाही. तो उठायच्या आत जमीन साफ असायची.

दिवाळीनंतर वच्छलेला कळा लागल्या. आई नसल्यानं तिला माहेरी कोणी नेलं नव्हतं. घरात दुसरी आडोशाची जागा नव्हती. गोजरबाईनं त्या खोलीची कडी काढली.

मुलगा झाला. सत्यभामाबाईच्या हातानं, सुखरूप.

तिसऱ्या दिवशी वच्छलेला ताप भरला.

निवृत्तीचा जीव खालीवर झाला. गाडी जुंपून चिखलीच्या दवाखान्यात नेतो म्हणाला. आईनं त्याला वाटेला लावलं. ताप उतरेल, बोंडं फुटून कापूस मातीत पडतो आहे, तू शेत बघ. आदल्या वर्षी ऐकलं, तसं त्यानं याही वर्षी ऐकलं. सत्यभामाबाई येऊन गेली. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

ती गेल्यावर गोजरबाई आत आली आणि तिनं तांब्या उचलला.

"बायतिनीनं पाणी पेलं का वात होते," ती म्हणाली. "केसरलेही हेच सांगतलं होतं म्या."

वच्छला विनवत राहिली. दार बंद झालं.

बाहेरून कडी लागली.

भरदुपार होती. दाराखालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत येत होती. वच्छलेची जीभ टाळूला चिकटली होती. कुशीतलं बाळ चुळबुळत होतं, आणि त्याला पाजायला अंगात ओल उरली नव्हती. संध्याकाळपर्यंत आपण दोघं राहत नाही, हे तिला उमगलं. ओरडायचा प्रयत्न केला. आवाज निघाला नाही.

बाहेर झाडण्याचा आवाज येत होता.

शर्र... शर्र... शर्र...

आधी सावकाश. मग घाईघाईनं. मग कोणी जमिनीला झोडपावं तसा.

आणि अचानक... थांबला.

"येऊ नोको," गोजरबाईचा आवाज. हलका, जवळजवळ लाडीगोडीचा. "पुढं येऊ नोको, केसर. देतो ना पाणी. देतो म्हनलं ना तुले."

काहीतरी जड खाली पडलं.

मग बराच वेळ काहीच नाही. चुलीवरच्या पत्र्यावर चिमण्या असायच्या, त्यांचाही आवाज नाही.

उजेडाच्या पट्टीत... दोन सावल्या येऊन थांबल्या. दोन पायांच्या.

कडी वाजली.

दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं.

उंबरठ्यावर तांब्या होता. काठोकाठ भरलेला. त्याच्या ओल्या पितळेवर बोटांचे ठसे होते, पिठाचे.

वच्छला सरपटत गेली. तांब्या तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग बाळाला छातीशी धरून, भिंतीला धरून ती बाहेर आली.

सगळं माजघर पांढरं झालं होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत पीठ. आणि त्यात पावलंच पावलं, लहान, बोटभर लहान. ती सगळी चुलीकडे गेली होती.

गोजरबाई अंथरुणावर आडवी पडली होती. अर्धं अंग लुळं, तोंड वाकडं. हातात फडा तसाच. तिच्या डोक्याशी शेवटची दोन पावलं होती. शेजारी शेजारी. कोणी उभं राहून खाली बघावं तशी.

निवृत्तीनं चिखलीहून डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, अर्धांगवायू. त्यानंच वच्छलेला औषध दिलं, भरपूर पाणी पाजायला सांगितलं. तिचा ताप उतरला. मूल जगलं. तो माझा आतेभाऊ, आता त्याला नातवंडं आहेत.

गोजरबाई त्यानंतर नऊ दिवस जगली.

सकाळी निवृत्ती तिला चमच्यानं पाणी पाजायचा आणि शेतात जायचा. दिवसभर घरात ती आणि वच्छला, दोघीच. ऊन चढलं की गोजरबाई अर्ध्या जिभेनं पाणी मागू लागायची. वच्छला तांब्या घेऊन तिच्याजवळ बसायची. तांब्या ओठांपर्यंत न्यायची.

आणि ओठांपासून दोन बोटांवर... हात थांबायचा.

मनगटाला थंड पकड बसायची, असं आत्या सांगते. कितीही जोर लावला तरी हात पुढं जायचा नाही. पाणी दिसायचं, मिळायचं नाही. गोजरबाईचे डोळे वच्छलेवर नसायचे. तिच्या खांद्यावरून मागं, कोणाकडे तरी लागलेले असायचे. नवव्या दिवशी दुपारी ती गेली. ओठ फुटले होते. त्यानंतर त्या घरात कधी पीठ आलं नाही.

केसरनं आपला हिशेब चुकता केला, असं सगळं गाव म्हणालं. आमच्या घरातही ही गोष्ट आम्ही अशीच ऐकत आलो.

मागच्या वर्षी मात्र सून स्वयंपाकघरात गेल्यावर आत्यानं मला जवळ बोलावलं. तिनं आपलं उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं. ती ते चोळत होती.

"तुले एक सांगतो," ती म्हणाली. "मनगटाले पकड होती ना... ते पहिल्या दिवशी होती."

नंतर ती गावाला परत गेली.

बाकीच्या आठ दिवसांबद्दल तिला विचारण्याचं धाडस मला अजून झालेलं नाही.