धमनी कशाला म्हणायचं?

"सोडलेले रक्तमजूर परत बोलावता येतील का?" डॉ. अरुंधती सबनीस यांनी विचारलं, आणि हणमंत पिसाळनं दचकून वर पाहिलं.

"नाही मॅडम. काम संपलं की ते आपोआप विरघळतात. का हो?"

साताऱ्याच्या श्वसन प्रयोगशाळेतली सकाळ होती. काचेपलीकडे खाटेवर हणमंतची धाकटी बहीण कुंदा होती. शाळेत खो-खो शिकवणारी धडधाकट बाई, पण वर्षभरात दोन पायऱ्या चढली तरी धापा टाकायला लागली. फुप्फुसातला रक्तदाब भलताच वाढलेला. तिथल्या धमन्या अरुंद झाल्यात, असं सबनीसबाईंचं निदान. त्या रुंद करायला हणमंतनं रक्तपेशीहून बारीक यंत्रं बनवली होती. तेच हे रक्तमजूर. दंडात टोचले की रक्ताबरोबर फुप्फुसात जायचं, धमनी ओळखायची आणि आतून चढलेला थर खरवडायचा. नुकतेच ते कुंदाला टोचले होते.

"निदान चुकलं माझं," बाई म्हणाल्या. कुंदाच्या छातीचं नवं छायाचित्र पडद्यावर होतं. "या बारीक रेषा बघा, पाणी साठतंय. धमन्या मोकळ्या आहेत. फुप्फुसातून रक्त बाहेर नेणाऱ्या नीला बुजल्यात. फार दुर्मिळ आजार, मला सुचलाच नाही."

"मग आता धमन्या आणखी रुंद झाल्या तर?"

"मोरी तुंबलेली असताना नळ मोठा सोडला तर काय होतं? फुप्फुसं पाण्यानं भरतील."

सख्ख्या बहिणीला बुडवायची सोय हणमंतनं स्वतःच्या हातानं केली होती! "अरे ज्योतिबा! कुंदे, कुंदे गं!"

"काय रे दादा? घसा कशाला फाडतोस?" ध्वनिवर्धकातून कुंदा म्हणाली.

बाईंनी कृत्रिम श्वासाचं यंत्र तिच्या उशाशी आणवलं. दोघं आकड्यांकडे डोळे लावून बसली. दाब वाढायची वाट बघत होती, आणि तो मेला उतरायला लागला! दुपारपर्यंत छायाचित्रातल्या रेषासुद्धा पुसट झाल्या.

बाई चक्रावल्या. "पिसाळ, तुमचे मजूर धमनी ओळखतात तरी कशी?"

"शाळेत घोकलंय तशीच. शुद्ध रक्त वाहते ती धमनी, अशुद्ध वाहते ती नीला. प्राणवायू भरपूर असलेली नळी दिसली की लागायचं कामाला. मांडीतल्या धमन्यांवर चाचणी केली, तिथं एकदाही चुकले नाहीत."

"अहो, मांडीत बरोबर आहे! फुप्फुसात उलटं असतं. रक्त शुद्ध होतं तेच मुळी तिथं. धमनी अशुद्ध रक्त आत आणते, आणि शुद्ध रक्त घेऊन बाहेर पडते ती..."

"नीला!" हणमंत ओरडला. "म्हणजे माझी गाढवं नीलाच खरवडतायत?"

"खरवडू देत! खरवडू देत हो!" सबनीसबाई चक्क टाळ्या वाजवत होत्या, आणि डोळेही पुसत होत्या.

हणमंत आत धावला. कुंदा उशीला टेकून बसली होती, गालांवर रंग आला होता. त्यानं सगळं सांगितलं.

"म्हणजे दोघंही चुकलात?"

"दोघंही."

"आणि तुझं बरोबर आलं असतं तर?"

हणमंतनं तिचा हात घट्ट धरला. "तर तू गेली असतीस, कुंदे."

कुंदानं छाती भरून श्वास घेतला आणि त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

"बरं झालं बाई, लहानपणी तुला कुणी नीट अभ्यासाला बसवलं नाही!"