चोच नसलेला राघू

महादेवीताईंनी वाचनालयाच्या हॉलचं कुलूप काढलं आणि त्या दारातच थबकल्या. समोरच्या भिंतीवरच्या त्यांच्या सगळ्यात मोठ्या कामात हातभर भगदाड पडलं होतं.

जुनी लुगडी, लुंग्या, पिठाच्या पिशव्या जोडून त्या अमूर्त चित्रं करत. उमरग्यातलं हे त्यांचं पहिलंच प्रदर्शन, सकाळीच उघडलेलं. दुपारी त्या तासभर जेवायला गेल्या, तेवढ्यात हे झालं.

फौजदार मंजुषा स्वामी लगेच आली. कुलूप शाबूत होतं, मागची खिडकी उघडी.

"पोरांचा खोडसाळपणा असंल," ताई म्हणाल्या.

मंजुषा भगदाडाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "पोरांनी फाडलं असतं, ताई. हे टाका न टाका उसवलंय. शेजारच्या कापडाचा धागासुद्धा तुटलेला नाही. काय होतं इथे?"

ताईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. हिरवं इरकल, लाल काठ. पदरावर कसुतीच्या टाक्यांत दोन राघू भरलेले. एकाला चोचच नव्हती.

मंजुषाचा चेहरा बदलला. "कुठून मिळालं?"

"सखूबाईकडनं. जुन्या कपड्यांवर भांडी देती ती. चांगलं कापड माझ्यासाठी बाजूला ठेवती."

मंजुषाला सखूबाई बाजारात सापडली.

"ही साडी कुणी दिली?"

"मल्लिनाथ टेलरच्या आईनं. दिवाळीच्या साफसफाईत बोचकं काढलं व्हतं. म्या पातेलं दिलं त्यावर."

"मल्लिनाथला ठाऊक होतं?"

"त्यो कुठं व्हता घरी! म्हातारी एकटीच व्हती."

मंजुषाने तो फोटो बसवकल्याणला पार्वतम्मांना पाठवला. पार्वतम्मा म्हणजे मल्लिनाथची सासू. फोनवर त्या दोनच वाक्यं बोलल्या आणि एसटी धरायला निघाल्या.

मल्लिनाथचं दुकान वाचनालयासमोरच होतं. मंजुषा हवालदाराला घेऊन आत शिरली तेव्हा तो मशीनवर बसला होता.

"प्रदर्शन पाहिलंत?"

"सकाळी गेलतो की."

"आणि दुपारी?"

"इथंच व्हतो."

"तुमच्या बायकोचा काही पत्ता? उमादेवीचा?"

मशीन थांबलं. "न्हाय, मॅडम. दोन वर्सं झाली. गेली कुणाचा तरी हात धरून."

"जाताना अंगावर काय होतं?"

"ठाण्यात लिहून दिलंय की."

"पुन्हा सांगा."

"हिरवं इरकल. लाल काठाचं." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "पदरावर कशिदा."

हवालदाराने मशीनखालचं चिंध्यांचं पोतं उलटं केलं. ब्लाउजच्या कतरणींतून हिरवा तुकडा बाहेर पडला. गलका ऐकून आलेल्या महादेवीताईंनी दारातूनच तो ओळखला.

"उमादेवी जी साडी नेसून पळाली म्हणता, ती तुमच्याच घरात होती," मंजुषा सावकाश म्हणाली. "भारी साडी नेसून गेली, असं सांगितलं की लोकांना पटतं. मग ती तुम्ही लपवलीत. आईला काहीच माहीत नव्हतं, तिने बोचकं देऊन टाकलं. आज सकाळी ती भिंतीवर दिसली. चित्र अख्खं पळवता आलं नसतं, म्हणून एवढंच उसवलंत. घाईतसुद्धा शेजारचं कापड दुखावलं नाही. शिंप्याचा हात तो. राघूची चोच भरायची राहिली, दोरा संपला होता, असं पार्वतम्मा सांगतात. अशी साडी दुसरी नाही, मल्लिनाथ. ती जाळली का नाहीत?"

मल्लिनाथने चोच नसलेल्या राघूवर बोट ठेवलं. "काडी वढली व्हती. हात धजला न्हाय, मॅडम. लई बारीक काम व्हतं."

"आणि उमादेवी?"

त्याने मान खाली घातली. "भांडणात ढकललं म्या. डोकं उंबऱ्यावर आपटलं. शेतातल्या बुजलेल्या हिरीत हाय."

"सहा महिने म्या त्या पदराला सुई लावत व्हते," महादेवीताई पुटपुटल्या.

दिवस मावळायच्या आत पार्वतम्मा ठाण्यात पोचल्या. अंगणात अर्धं गाव गोळा झालं होतं. दोन वर्षं उमादेवीला नावं ठेवणारी तोंडंही त्यात होती. मंजुषाने म्हातारीला आत न्यायला हात पुढे केला, पण त्या पायरीवरच उभ्या राहिल्या.

"माझी लेक पळून गेली न्हवती ना?"

"नाही, अम्मा."

"मला न्हाय. ह्यांना सांगा. मोठ्यानं."

मंजुषा गर्दीकडे वळली आणि तिने मोठ्याने सांगितलं.