उघडं छत की बंद छत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तळघराला छत कुठलं घालायचं, एवढंच ठरवायला मी त्या दिवशी खाली उतरले होते. लेकीसाठी खोली करायची होती. सासूबाईंच्या खोकल्यापायी तिची झोप उडाली होती आणि मैत्रिणीकडे राहायला जायला तिने बॅग भरून ठेवली होती. एकुलती एक पोर. ती गेली असती तर घर मला खायला उठलं असतं. तसं तिला बोलून दाखवलं नाही. मिस्त्रीला तेवढं बोलावलं.

मिस्त्रीने दोन प्रकार सांगितले. एक, सुटे चौकोन: जाळीत नुसते ठेवायचे, वरचा पाइप गळला तर एक उचलायचा आणि काम करायचं. दुसरा, सलग बोर्ड, स्क्रूने घट्ट. दिसायला छान, पण उघडायचा म्हणजे फोडायचा. निर्णय घ्यायचा म्हटलं की आमचे हे अंग काढून घेतात. म्हणाले, तुला आवडेल ते. मी सुटे चौकोन निवडले.

काही दिवसांतच लेकीच्या पलंगावरचा चौकोन सरकलेला दिसू लागला. मी नीट बसवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा फट. उंदीर असतील म्हणून घरभर पिंजरे लावले. मग एकदा भर दुपारी तिची चादर बदलताना माझी मान वर गेली. ओल्या चुन्याचा वास आला. दुधावरचं झाकण उचलून बघावं तसा तो चौकोन एका बाजूने हळूच उचलला गेला... तसाच राहिला... आणि परत खाली बसला. वर स्लॅबपर्यंत जागा होती जेमतेम वीतभर.

मिस्त्रीला म्हटलं, सगळं बंद करून टाका. तो कुरकुरला, पण त्याने बोर्ड लावला. स्क्रूंवर पुट्टी फिरली, रंग झाला, छत गुळगुळीत झालं. लेक गाढ झोपू लागली, आंघोळीला जाताना गुणगुणू लागली. माझा जीव भांड्यात पडला.

मग एके सकाळी ती म्हणाली, "आई, माझ्या उशीवर रोज पांढरी पूड पडते."

ती कॉलेजला गेल्यावर मी मिस्त्रीला बोलावलं. तो शिडीवर चढला. पलंगाच्या बरोबर वर त्याने बोट फिरवलं आणि हात झटकन मागे घेतला. बोटाला रक्त होतं.

"ताई... ही स्क्रूंची टोकं आहेत."

"मग आत घाला ना."

"कशी घालू? आम्ही खालून मारतो. टोकं वर जातात." तो शिडीवरून खाली उतरला. "हे वरून मारलेत."

शिडी तिथेच टाकून तो निघून गेला. नंतर न्यायलाही आला नाही.

त्याच दिवशी मी लेकीला खोली सोडायला लावली. खरं कारण सांगायला जीभ रेटेना. ती चिडली, बॅग उचलली आणि मैत्रिणीकडे गेली. जे टाळायला एवढा खटाटोप केला, ते माझ्याच हाताने झालं. मी खूप रडले.

ती गेली आणि टोकंही गेली. नुसती भोकं उरली. पण लेक भेटायला यायची असली, की ती रस्त्याच्या कोपऱ्यावर पोचायच्या आधीच खालून आवाज सुरू होतो. करकर... थांबतो... पुन्हा करकर. ती जेवून निघेपर्यंत मी तिला तळघराच्या दाराकडे फिरकू देत नाही. शेवटी मी तिला 'ये' म्हणायचंच सोडलं. आई आपल्यावर रुसली, असं ती मावशीला सांगते. सांगू दे.

आज तर ती यायचीच नाही. कॉलेजच्या कामासाठी दुसऱ्या गावी गेली आहे. तरी सकाळपासून आवाज चालू आहे, न थांबता. मघापासून तुम्ही कान देऊन ऐकताय ना, तोच.

आणि तिचा फोन लागत नाहीये.