तीनशे पाठी आणि एक गंधाली

नवव्या मिनिटाला कुणीतरी सणसणीत शिट्टी मारली, आणि पायऱ्यांवरची सगळी माणसं, तीनशेच्या आसपास असतील, एका दमात मैदानाकडे पाठ करून उभी राहिली.

गंधाली तेवढी वळली नाही. त्यामुळे झालं काय, की खालच्या पायरीवरचा एक मुलगा वळला तो थेट तिच्यासमोर. इतका समोर, की त्याच्या भुवईवर लहानपणी पडलेल्या टाक्यांची खूणसुद्धा तिला दिसली. पायऱ्यांच्या मागे कलणारं माघातलं ऊन त्याच्या डोळ्यांत जात होतं, आणि तो एक डोळा बारीक करून तिच्याकडे बघत होता.

"तू वळली नाहीस," तो म्हणाला.

"तू वळलास," ती म्हणाली.

"अगं, निषेध आहे! नऊ नंबर बाहेर येईपर्यंत कुणी मैदानाकडे बघायचं नाही, असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"मी."

"मग तूच पाळ."

तो हसला. पण तेवढ्यात त्याच्या पाठीमागे धप्पकन आवाज झाला, आणि त्याचं हसू विरून गेलं. "काय झालं? ए... काय झालं?"

"गोल!"

त्याची मान वळायला लागली. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःची हनुवटी धरली आणि जागच्या जागी थांबवली. "कुणाचा?"

"कुणाचाच नाही. बघत होते, वळतोस का."

"फार वाईट आहेस तू."

"आपली ओळख पाच मिनिटांची आहे."

"तेवढ्यात कळलं, म्हणजे बघ!"

शेजारी ढोलकी गळ्यात अडकवून उभे असलेले अण्णा, वय पासष्ट, गेली तीस वर्षं कांजूर स्पोर्टिंगच्या प्रत्येक मॅचला हजर, खो-खो हसले. "नित्या, तुला समोर टीव्ही मिळाला रे. आम्हाला नुसती भिंत."

मुलाचं नाव नितेश. तेवढं तिला फुकटात कळलं.

कांजूर स्पोर्टिंग सलग सहा मॅच जिंकली नव्हती. मुलुंडच्या या मैदानावर दर रविवारी चार वाजता लोक यायचे, हरायचे आणि घरी जायचे. दोष कुणाचा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. कोच भीमराज सरांचा. नऊ नंबरचा सिद्धेश आठ मॅचमध्ये एकही गोल मारू शकला नव्हता, तरी सर त्यालाच पूर्ण नव्वद मिनिटं खेळवायचे. आणि सरावात रोज जाळी फाडणारा मिथुन बाकावर बसून नखं खायचा. लोकांनी पत्र दिलं, शिष्टमंडळ नेलं, घोषणा दिल्या. खांद्यावर टॉवेल टाकून उभे असलेले सर कशालाच बधले नाहीत. वरणभाताच्या शेवटच्या घासाला लहान मूल कसं ओठ घट्ट मिटून बसतं... तसे.

"काय करतोय तो नऊ नंबर?" नितेशनं विचारलं. "उभा असेल ना, खांबासारखा?"

"पळतोय."

"पळून काय उपयोग? बॉल दिला की पायातून सटकतो. त्याच्यापेक्षा अण्णांची ढोलकी गोल मारेल."

सगळे हसले. गंधाली हसली नाही. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली. तिकडे मैदानाच्या मधोमध नऊ नंबरचा एक मुलगा कपाळावरचा घाम पुसत वर बघत होता. पायऱ्यांवर कुणाला तरी शोधत होता. शाळेच्या मॅचपासून त्याला ती सवय होती. आधी ताई कुठे बसली आहे ते बघायचं, मग खेळायचं.

गंधालीनं हात वर केला. सिद्धेशनं मान हलवली आणि परत पळायला लागला.

"कुणाला हात केलास?" नितेशनं विचारलं.

"कुणाला नाही," ती म्हणाली. आणि त्या क्षणी एक छोटंसं खोटं तिच्या गळ्यात अडकलं, ते पुढे कितीतरी दिवस तिथेच राहिलं.

पुढच्या दोन्ही रविवारी ती त्याच पायरीवर उभी राहिली. सिद्धेशला सापडावी म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं नवव्या मिनिटाला वळायचं.

"हं, बोल. कोण कुठे आहे?" नितेश वळल्या वळल्या विचारायचा, आणि खिशातून तिखट-मीठ लावलेल्या पेरूची पुडी काढून तिच्यापुढे धरायचा. फोड उचलताना तिची बोटं त्याच्या तळव्याला लागायची. मग थोडा वेळ दोघंही मॅच विसरायची.

"तुला एवढं बघावंसं वाटतं, तर वळ ना."

"नेता आहे मी. नेत्यानं वळून चालतं होय?" मग तो म्हणाला, "मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो ना... आत कुणी अडकलं, की आधी हात लावायचा नाही मशीनला. आधी बाहेरून बोलत राहायचं. आता मी वर चाललोय, आता खट्ट आवाज येईल, घाबरू नका. आतल्या माणसाला तेवढाच आधार असतो. आतल्याला कसं वाटतं, ते आता कळतंय मला."

"आणि बाहेरचा माणूस खोटं बोलत असेल तर?"

"तुझ्यासारखा?" तो डोळे बारीक करून म्हणाला. "तरी चालेल. आवाज चालू पाहिजे."

ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होतं. गंधाली अर्धं पाऊल डावीकडे सरकली. तिची सावली त्याच्या कपाळावरून हळूहळू उतरली आणि डोळ्यांवर येऊन थांबली.

"मुद्दाम सरकलीस?"

"छे! पाय अवघडला होता."

"असाच अवघडू दे..." तो हळूच म्हणाला.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. भांडुपच्या दोन खोल्यांत सिद्धेश ताटासमोर बसायचा आणि सुकटीचं आवडतं कालवण बोटानं नुसतं फिरवत राहायचा.

"जेव ना रे."

"ताई, वर बघितलं की नुसत्या पाठी दिसतात. पाठीच पाठी. मग एकदम तू दिसतेस." तो हसायचा प्रयत्न करायचा. "तू येत जा हां. तू नाही आलीस, तर मला कळणारच नाही मी कुठल्या बाजूला तोंड करून उभा आहे."

बुधवारी पॅथॉलॉजी लॅबमधली शिफ्ट संपवून गंधाली सरळ सरावाच्या मैदानावर गेली. भीमराज सर जमिनीवरचे प्लॅस्टिकचे कोन गोळा करत होते.

"सर, त्याला बसवा. दोन मॅच तरी. नीट जेवत नाही हो तो."

"बसवणारच होतो," सर वर न बघता म्हणाले. "ठरवलं होतं, पोर थकलंय, जरा विश्रांती देऊ. तेवढ्यात ही मंडळी वळली."

"मग?"

"मग काय? आता बसवलं तर घरी काय घेऊन जाईल तो? तीनशे पाठी. जन्मभर वागवेल. माझी पोरं मैदानातून बाहेर येतात ती माणसांची तोंडं बघत येतात. त्यांनी आधी इकडे बघावं. मग काढतो."

"पण ते म्हणतात, आधी तुम्ही—"

"म्हणू देत." सरांनी टॉवेल खांद्यावर टाकला. बोलणं संपलं.

परत येताना गंधालीला हसूही येत होतं आणि रडूही. लोक म्हणत होते, तो बाहेर आला की वळू. सर म्हणत होते, वळलात की बाहेर काढतो. दोन्हीकडचं फक्त तिला माहीत होतं. तिनं एकदा तोंड उघडलं की गाठ सुटणार होती. पण सांगायचं म्हणजे आपण कोण तेही सांगायचं. आणि मग नितेश नवव्या मिनिटाला वळेल तेव्हा... त्याचे डोळे असेच असतील?

त्या रविवारी नितेश काखेत कापडाची गुंडाळी घेऊन आला. वळल्यावर त्यानं ती तिच्यासमोर उलगडली, नवं खेळणं दाखवावं तशी. "बघ! स्वतः रंगवलंय मी. शेवटच्या दहा मिनिटांत उघडायचं. कसं झालंय?"

लाल रंगात ठळक अक्षरं होती: सिद्धेश, घरी जा.

गंधालीनं ती वाचली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "घरीच येतो तो. माझ्या घरी. दार मीच उघडते."

"म्हणजे?"

"भाऊ आहे माझा. धाकटा."

नितेशच्या हातातलं कापड हळूहळू खाली आलं.

"तुला त्याचा पाय दिसतो, नितेश. सटकणारा बॉल दिसतो. त्याला तिथून काय दिसतं माहितेय? पाठी. तीनशे. म्हणून मी वळत नाही. सर त्याला बाहेर काढायला तयार आहेत, फक्त तुम्ही पाठ फिरवलेली असताना नाही काढणार. हट्टी ते आहेतच. पण तूही काही कमी नाहीस."

"मला... आधी का नाही सांगितलंस?"

"कारण मग तू माझ्याकडे असं बघितलं नसतंस!"

शब्द निघून गेले. ते परत घेता येईनात, तेव्हा तिनं ओठ मिटले. त्यानंतर सगळी मॅच ती एक अक्षर बोलली नाही, आणि त्यानं एकदाही काही विचारलं नाही. मागे आरोळ्या उठत होत्या, विरत होत्या. तो कापडाची गुंडाळी छातीशी धरून तिच्यासमोर उभा होता, आणि दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत सोडून बाकी सगळीकडे बघत होती. दोन-शून्य हरल्याचं त्याला अण्णांकडून कळलं.

पुढच्या रविवारी तिचे पाय निघत नव्हते. सिद्धेशसाठी आली. नितेश नेहमीच्या जागी होता, पण मागे वळून त्यानं बघितलं नाही. पेरू नाही, काही नाही. गंधालीनं मनाशी म्हटलं, चला... संपलं.

नवव्या मिनिटाला शिट्टी झाली. लोक वळले.

नितेश वळला नाही.

पाच आठवड्यांत पहिल्यांदा शिट्टीनंतरही तिला त्याची पाठच दिसत राहिली. इस्त्री न केलेला शर्ट, मानेवरचे वेडेवाकडे कापलेले केस, आणि दोन कान, लाल होत चाललेले.

"ए नित्या! फुटलास काय रे?" कुणीतरी ओरडलं.

"सर जिंकले ना यार अशानं!"

"जिंकू देत," नितेश समोर बघतच म्हणाला. "त्या पोराला तिथून नुसत्या पाठी दिसतात. डोक्यातच आलं नव्हतं माझ्या. चूक झाली. मीच वळायला लावलं, मीच सांगतोय."

मैदानात सिद्धेशनं सवयीनं वर बघितलं. थबकला. परत बघितलं. ताईच्या खालच्या पायरीवर आणखी एक तोंड होतं, आणि त्या तोंडानं दोन्ही हात वर केले होते.

"अरे, काय चाललंय तिकडे, सांग तरी," अण्णा कुरकुरले.

"अण्णा, स्वतःच बघा."

"बघतोच. भिंत बघून बघून मान आखडली माझी." अण्णा ढोलकीसकट वळले. मग त्यांच्या शेजारचा वळला. कुणी नितेशला शिव्या देत वळलं, कुणी नुसतं कुतूहलानं. अर्ध्या तासानं मुलुंडच्या त्या मैदानावर एकही पाठ उरली नाही, आणि टचलाइनवर भीमराज सरांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला पाटी वर गेली. नऊ.

सिद्धेश मान खाली घालून निघाला. पण कुणी हुर्यो उडवली नाही. अण्णांनी ढोलकीवर एक थाप मारली, मग दुसरी... मग टाळ्या. सिद्धेशनं मान वर केली. समोर तीनशे तोंडं होती. त्यानं हात उचलला, अगदी थोडासा.

त्याच्या जागी आलेल्या मिथुननं पहिलाच बॉल गोलच्या सहा फुटांवरून असा उडवला, की तो कुंपणाबाहेर रिक्षा स्टँडवर जाऊन पडला.

"काढा रे याला आता!" अण्णा ओरडले, आणि सगळ्या पायऱ्या हसायला लागल्या.

सगळे समोर बघत होते. तेवढ्यात नितेश वळला. तिच्याकडे.

"वेडा आहेस का?" गंधाली पुटपुटली. "आता तरी मॅच बघ."

"कसा आहे तो?"

त्यानं स्कोअर विचारला नव्हता. गंधालीनं त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. "बसलाय. सरांनी त्यांचा टॉवेल दिलाय त्याला. डोक्यावर पाणी ओततोय. मिथुनला काहीतरी ओरडून सांगतोय आणि... नितेश, हसतोय रे तो."

"आणि तू रडतेयस."

"ऊन लागतंय डोळ्यांना."

"ऊन माझ्या डोळ्यांत येतंय, गंधाली. तुझ्या ते पाठीमागे आहे."

ती रडता रडता हसली. तो खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, आज तू येणारच नाहीस. पूर्ण आठवडा मी तेच... बरं, ते जाऊ दे. भाऊ तर आता बाहेर आला तुझा. पुढच्या रविवारी कशाला येशील?"

"तू असाच उलटा उभा राहणार असशील, तर तुला सांगायला नको का कुणी, काय चाललंय ते?"

"काय चाललंय?" त्यानं विचारलं, इतक्या हळू, की तिला ते ओठांवरून कळलं.

तिनं दुपट्ट्याच्या टोकानं डोळे पुसले.

"एक मुलगी आहे. तिला एक हट्टी मुलगा आवडायला लागलाय. कधीपासून ते विचारू नकोस, तिलाही नीट सांगता यायचं नाही."

"आणि पुढे?"

"पुढचं तू सांग," गंधाली म्हणाली, आणि एक पायरी उतरून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.